वाचक विचारतात: इंडियन ओपनचे मानकरी, ‘कट’चं गणित आणि सड्यावरचं गोल्फ

मालवणहून एक विद्यार्थिनी विचारते: ‘इंडियन ओपन गोल्फ स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय कोण?’ या प्रश्नाला स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात ‘अली शेर’ असं उत्तर आहे, दुसऱ्यात ‘बिलू सेठी’. परीक्षेत काय लिहू?

प्रश्नात ‘व्यावसायिक’ हा शब्द आहे का ते आधी बघा. नसेल तर सेठी, असेल तर अली शेर. स्पर्धा १९६४ साली दिल्लीत सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर पी. जी. ऊर्फ बिलू सेठी यांनी ती जिंकली. सेठी हौशी खेळाडू होते. हौशी खेळाडूला बक्षिसाची मोठी रक्कम घेता येत नाही. तो पहिला आला तरी चषक त्याचा, पैसे मात्र त्याच्यामागच्या व्यावसायिकाचे. सेठींनंतर एकाही हौशी खेळाडूला ही स्पर्धा जिंकता आलेली नाही. भारतीय व्यावसायिकाचं नाव चषकावर कोरलं गेलं ते थेट १९९१ साली, अली शेर यांचं.

रत्नागिरीहून एक निवृत्त शिक्षक विचारतात: घरच्या मैदानावर होणाऱ्या स्पर्धेत आपल्या व्यावसायिकांना जिंकायला इतकी वर्षं का लागली? आणि ही स्पर्धा सुरू तरी कुणी केली?

स्पर्धा भारतीय गोल्फ संघटनेची, म्हणजे इंडियन गोल्फ युनियनची. पण तिच्यामागे मोठा जोर लावला तो पीटर थॉमसन या ऑस्ट्रेलियन खेळाडूने. त्या काळी आशियात खुल्या स्पर्धा सुट्या सुट्या होत्या. फिलिपिन्सची १९१३ पासूनची, हाँगकाँगची १९५९ची, सिंगापूरची १९६१ची, मलेशियाची १९६२ची. एका स्पर्धेसाठी एवढा विमानखर्च करून कोण येणार? म्हणून त्या एकापाठोपाठ एक लावून त्यांची साखळी करण्यात आली. खेळाडूने एकदा घर सोडलं की आठवड्यामागून आठवडा नव्या देशात खेळायचं. भारताची स्पर्धा याच साखळीत ओवली गेली.

साखळीमुळे चांगले परदेशी खेळाडू आले, आणि आपल्या लोकांपुढची अडचणही तिथेच सुरू झाली. थॉमसन पहिल्या वर्षी जिंकले तेव्हा त्यांच्या नावावर चार ब्रिटिश ओपन होत्या, पुढच्या वर्षी पाचवी आली. इंडियन ओपन त्यांनी १९६६ आणि १९७६ मध्ये पुन्हा जिंकली. जपानच्या केन्जी होसोइशींनी १९६७ आणि १९६८ असा लागोपाठ दोनदा चषक नेला. १९८१ चा विजेता पेन स्टुअर्ट. पुढे दोन यूएस ओपन आणि एक पीजीए जिंकणारा तोच. याउलट आपले बरेचसे व्यावसायिक कॅडीकामातून वर आलेले. म्हणजे सभासदांच्या बॅगा वाहायच्या आणि सभासद खेळून गेल्यावर मिळेल तेवढ्या वेळात सराव करायचा. वर्षभर सामने देणारी देशी मालिका असल्याशिवाय असा खेळाडू चार दिवसांच्या दबावाला तयार होत नाही.

अली शेर स्वतः दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होते आणि १९९१ मध्ये त्याच क्लबच्या लोदी कोर्स या मैदानावर जिंकले. हा योगायोग नव्हे. थॉमसन यांनीच सत्तरच्या दशकात नव्याने आखून दिलेला हा कोर्स अरुंद आहे. फेअरवेच्या, म्हणजे हिरवळीच्या मुख्य पट्ट्याच्या, दोन्ही अंगांना दाट झुडपं. चेंडू त्यात गेला आणि मारता येण्याजोगा नसेल तर एका फटक्याचा दंड घेऊन तीन वाटा उरतात: पडल्या जागेपासून खेळायच्या दोन काठ्यांच्या लांबीइतक्या अंतरात, पण होलच्या जवळ न जाता, चेंडू टाकायचा, होल आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे जायचं, किंवा आधीचा फटका जिथून मारला तिथे परत जायचं. झुडूप दाट असलं की दोन काठ्यांवरही झुडूपच, मागेही झुडूपच. मग तिसरी वाट धरावी लागते आणि एका चुकीत प्रत्यक्षात दोन फटके जातात. लांब मारणारा परदेशी पाहुणा ड्रायव्हर ही सर्वांत लांब मारणारी काठी काढायचा आणि फसायचा. तिथे वाढलेला माणूस आयर्न या आखूड काठीने दोनशे यार्ड सरळ मारायचा आणि पुढे जायचा.

अली शेर १९९३ मध्ये पुन्हा जिंकले. १९९८ मध्ये फिरोझ अली, १९९९ मध्ये अर्जुन अटवाल, २००० मध्ये ज्योती रंधावा असे ओळीने तीन भारतीय झाले. २००२ मध्ये लखनौचे विजय कुमार आले. रंधावांनी २००६ आणि २००७ मिळवून थॉमसन यांच्या तीन विजयांशी बरोबरी केली. २००९ चे विजेते सी. मुनियप्पाही कॅडीच. २०१३ मध्ये बांगलादेशाचा सिद्दिकुर रहमान जिंकला. त्याची सुरुवात ढाक्याच्या कुर्मिटोला क्लबवर चेंडू गोळा करणारा पोऱ्या म्हणून झाली. २०१६ आणि २०१७ चे विजेते एस. एस. पी. चौरसिया हे रॉयल कलकत्ताच्या हिरवळीची निगा राखणाऱ्या माळ्याचे चिरंजीव. परीक्षेची पुस्तकं फक्त नावं आणि सालं छापतात. आमच्या मते शेजारी कोर्सचा रकाना हवा. त्याशिवाय ही यादी अर्धीच कळते.

गुहागरहून एक वाचक: गावच्या क्रिकेट स्पर्धेत हरलेला संघ बाद होतो हे कळतं. गोल्फमध्ये शुक्रवारी संध्याकाळी निम्मे खेळाडू एकदम घरी जातात ते कशावरून? आणि बक्षीस कसं वाटतात?

चार दिवस, रोज १८ होल (सुरुवातीच्या जागेपासून चेंडू खळग्यात जाईपर्यंत एक होल), एकूण ७२. पहिल्या ३६ होलनंतर सगळ्यांचे फटके क्रमाने लावतात. पहिले ६५ आणि पासष्टाव्याशी बरोबरीत असलेले सगळे पुढे जातात, बाकीच्यांना रक्कम मिळत नाही. ‘कट’ म्हणतात ती हीच चाळणी, आणि ती मुख्यतः उजेडासाठी आहे. १४४ खेळाडू धरले तर तिघांचे ४८ गट होतात. पहिल्या आणि दहाव्या होलवरून, सकाळी आणि दुपारी अशा चार तुकड्या केल्या तर प्रत्येकीत १२ गट. ११ मिनिटांच्या अंतराने ते सोडायला दोन तास लागतात आणि फेरीला साधारण पाच. फेब्रुवारीत दिल्लीच्या धुक्याने सकाळचे दोन तास खाल्ले की दुपारची तुकडी अंधारात अडकते. तिचे उरलेले होल दुसऱ्या दिवशी पहाटे, आणि मग सगळं वेळापत्रक ढकललं जातं.

रकमेचं म्हणाल तर २०१५ मध्ये ही स्पर्धा युरोपियन टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या कार्यक्रमातही आली, तेव्हा एकूण बक्षीस १५ लाख डॉलर होतं आणि त्यातले अडीच लाख, म्हणजे सहावा हिस्सा, विजेत्या अनिर्बन लाहिरीला मिळाले. २०१७ मध्ये १७.५ लाखांपैकी चौरसियांना २,९१,६६० डॉलर, तोच हिस्सा. दोघे दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत असले तर दुसरं आणि तिसरं बक्षीस एकत्र करून निम्मं निम्मं करतात. पहिल्या क्रमांकाची बरोबरी मात्र अशी वाटून घेत नाहीत. तिथे प्ले-ऑफ होतो, एकेक होल खेळून, जो आधी सरस ठरेल तो विजेता. लाहिरी २०१५ मध्ये अखेरच्या दिवशी सात फटके मागून सुरुवात करून बरोबरीत आला आणि पहिल्याच जादा होलवर बर्डी (अपेक्षित फटक्यांपेक्षा एक कमी) मारून त्याने चौरसियांना मागे टाकलं.

अलिबागहून एक वाचक: २०२४ चा विजेता १७ अंडर पार आणि २०२५ चा फक्त ४ अंडर. कोर्स तोच. खेळ एवढा घसरला?

नाही हो. पार म्हणजे अपेक्षित फटके, अंडर म्हणजे त्याहून कमी. गुरुग्रामच्या गॅरी प्लेअर कोर्सचं एका फेरीचं पार ७२ आहे, म्हणजे चार दिवसांचं २८८. जपानच्या केईता नाकाजिमाने २७१ फटके घेतले, स्पेनच्या युजेनिओ चाकाराने २८४. पण २०२५ मध्ये दुसरा आला तो हाच नाकाजिमा, दोन फटक्यांनी मागे. एका वर्षात त्याचा हात बिघडला असं कुणी म्हणणार नाही. वारा, ग्रीनचा (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा) कडकपणा आणि त्या दिवशी होल कुठे कापलाय, या तीन गोष्टी आकडा ठरवतात. होल ग्रीनच्या मध्यावर असला तर थोडा चुकलेला फटकाही पटिंगच्या, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडे लोटण्याच्या, टप्प्यात राहतो. तोच होल कडेपासून चार पावलांवर आणि उताराखाली असला की बरा फटकाही बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, घरंगळतो. त्या कोर्सची ग्रीन चढउतारांची आहेत, त्यामुळे हा फरक जास्त जाणवतो.

म्हणून पारचा आकडा सोडा, विजेता आणि दुसरा यांतलं अंतर बघा. चौरसियांनी २०१७ मध्ये इथेच १० अंडर केले, पण सात फटक्यांनी जिंकले. आमच्या लेखी तो या कोर्सवरचा सर्वांत भारी विजय. २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या स्टीफन गॅलाकरने शेवटच्या दिवशी सातव्या होलवर चक्क आठ फटके घेतले, पारपेक्षा चार जास्त, आणि तरीही तो एका फटक्याने जिंकला. अवघड कोर्सवर एक खड्डा भरून निघतो, कारण बाकीचेही कुठे ना कुठे पडतातच.

राजापूरहून एक वाचक: आमच्याकडे सड्यावर शेकडो एकर मोकळी जागा आहे. असा कोर्स तिथे का होऊ नये?

जागा पुरेल, १८ होलना सव्वाशे ते दीडशे एकर लागतात. अडतं माती आणि पाण्यापाशी. सड्यावर जांभ्याचा कातळ वर आलेला, माती कुठे वीतभर तर कुठे नाहीच. ग्रीन कातळावर पसरून होत नाही. खाली निचऱ्याच्या नळ्या, त्यावर १० सेंटिमीटर खडी, त्यावर ३० सेंटिमीटर ठरावीक जाडीची वाळू अशी रचना असते. एक ग्रीन पाचशे चौरस मीटर धरलं तर अठरांसाठी नुसती वाळूच २७०० घनमीटर. समुद्राची वाळू चालत नाही. तिच्यातलं मीठ मुळं जाळतं, शिंपल्यांचा चुरा जमिनीचा सामू वाढवतो, आणि किनाऱ्यावरून ती उचलणं बेकायदा आहे ते वेगळंच. फेअरवेला तर बाहेरून माती आणावी लागेल, आणि तीन हजार मिलिमीटरच्या पावसात हिरवळ धरायच्या आत ती वहाळातून खाली जाईल.

आता पाणी. ३० हेक्टर हिरवळ मे महिन्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी ओढते. एका हेक्टरला ते ५० घनमीटर होतं, म्हणजे रोज १५ लाख लिटर. ज्या वाड्यांना तेव्हा टँकरची वाट बघावी लागते तिथे हा हिशेब ग्रामसभेत मांडून बघा! खारं पाणी सोसणारं पास्पॅलम गवत असतं, पण त्यालाही साचलेलं मीठ धुऊन काढायला अधूनमधून गोडं पाणी भरपूर द्यावं लागतं. शिवाय सडा मोकळा दिसतो तेवढा रिकामा नाही. पावसाळी फुलं आणि कातळशिल्पं तिथलीच.

पनवेलहून एक पालक: मुलगी १३ वर्षांची आहे, गोल्फ शिकायचं म्हणते. सुरुवात कशी करावी?

जवळच खारघरला सिडकोने उभारलेलं व्हॅली गोल्फ कोर्स आहे, तिथे चौकशी करा. नियमाने बॅगेत १४ पर्यंत काठ्या चालतात (जास्त सापडली तर त्या होलला दोन फटके, फेरीत जास्तीत जास्त चार फटके दंड), पण सुरुवातीला सात नंबरचं आयर्न, पिचिंग वेज (जवळून चेंडू उंच उचलायला) आणि पटर (पटिंगची काठी) एवढं पुरे. काठी तिच्या उंचीची घ्या. मोठ्यांची काठी कापून दिली तर दांडा ताठ होतो, चेंडू उचलला जात नाही आणि मूल अंगाने ढकलायला लागतं. ती सवय पुढे मोडता मोडत नाही. पहिले काही महिने निम्मा वेळ पटिंग आणि ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांना द्या.