वाचकांचे प्रश्न : चतुर्थके तीनच का?

प्रश्न : अकरावीच्या अर्थशास्त्रात ‘विभाजन मूल्ये’ शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगते की चतुर्थके तीन, दशमके नऊ आणि शतमके नव्याण्णव असतात. वर्तमानपत्रांत मात्र ‘सर्वांत तळचे दशमक’, ‘वरच्या चतुर्थकातील कुटुंबे’ असे शब्दप्रयोग आढळतात. हे चूक समजावे काय? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : चौघा भावांत शेत वाटून द्यायचे झाल्यास वाटण्या चार पडतात, पण बांध तीनच घालावे लागतात. आपले पाठ्यपुस्तक बांधाला नाव देते आणि वर्तमानपत्र वाटणीला. चढत्या क्रमाने मांडलेल्या निरीक्षणांचे समान संख्येचे चार भाग पाडणारी जी तीन मूल्ये, ती चतुर्थके, हा शब्दाचा मूळ अर्थ आहे. इंग्रजीत ‘क्वार्टाइल’ हा शब्द डोनाल्ड मॅकॲलिस्टर यांच्या १८७९ च्या निबंधात आला. पुढे १८८० च्या दशकात फ्रान्सिस गाल्टन यांनी ‘डेसाइल’ आणि ‘पर्सेंटाइल’ हे शब्द रूढ केले. त्या वेळीही रोख विभाजन करणाऱ्या मूल्यावरच होता. भागालाच ते नाव देण्याची सवय पुढे इंग्रजीतही लागली आणि तेथून ती आपल्याकडे आली, त्यामुळे तिला सरसकट अशुद्ध ठरवता येणार नाही. पण एकाच लेखात दोन्ही अर्थ मिसळले, तर वाचकाची फसगत ठरलेली असते.

कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. सरासरी वाटणीची निघते, बांधाची निघत नाही. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाचे उदाहरण घ्या. त्यात दरडोई मासिक खर्चाच्या चढत्या क्रमाने लोकसंख्येचे बारा वर्ग केले आहेत. मधले आठ वर्ग दहा-दहा टक्क्यांचे आहेत आणि दोन्ही टोकांचे दहा टक्के पुन्हा पाच-पाच टक्क्यांत विभागले आहेत, कारण खरी तफावत टोकांनाच दिसते. ग्रामीण भारतात तळच्या पाच टक्क्यांचा दरडोई मासिक खर्च सरासरी १,३७३ रुपये आणि वरच्या पाच टक्क्यांचा १०,५०१ रुपये होता. शहरांत हेच आकडे २,००१ आणि २०,८२४ रुपये होते. येथे सरासरी दिलेली आहे, म्हणजे बोलणे लोकांच्या गटाविषयी चालले आहे. अशा ठिकाणी ‘दशमक वर्ग’ किंवा ‘दशमक गट’ असे लिहिले, तर तुमच्या वर्गातही गोंधळ होणार नाही.

विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. ‘समान भाग’ म्हणजे माणसांची संख्या समान, मूल्यांचे अंतर समान नव्हे. पहिले चतुर्थक म्हणजे सर्वांत मोठ्या मूल्याचा चतुर्थांश असे उत्तर लिहिणारा एखादा विद्यार्थी बहुधा दरवर्षी निघतो, आणि त्यात सगळा दोष त्याचा नसतो. चतुर्थक आणि चतुर्थांश, दशमक आणि दशांश, शतमक आणि शतमान या जोड्याच इतक्या जवळच्या आहेत की, परिभाषा घडवणाऱ्यांनी थोडे दूरचे शब्द निवडले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते.

प्रश्न : ४, ७, ९, १२, १५, १८, २१, २६, ३३, ४१, ६० या अकरा संख्यांचे पहिले चतुर्थक पुस्तकातील सूत्राने ९ येते, पण एक्सेलमध्ये १०.५ मिळते. बरोबर उत्तर कोणते? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. पुस्तकातील सूत्र निरीक्षणांच्या संख्येत एक मिळवून चाराने भागते. अकरा अधिक एक म्हणजे बारा, भागिले चार म्हणजे तीन, म्हणून तिसरी संख्या ९. त्याच रीतीने तिसरे चतुर्थक नववी संख्या, म्हणजे ३३ येते. एक्सेलचे नेहमीचे सूत्र पहिल्या आणि शेवटच्या संख्येला दोन टोके मानून त्यांच्यामधील दहा पावलांचे चार भाग करते. पहिल्या संख्येपासून अडीच पावले पुढे गेले की आपण तिसऱ्या आणि चौथ्या संख्येच्या बरोबर मध्ये येतो, आणि ९ व १२ यांच्या मध्ये १०.५ आहे. या रीतीने तिसरे चतुर्थक २९.५ येते. मध्यक मात्र दोन्ही रीतींनी १८ च राहतो.

असे होण्याचे कारण असे की, अकरा संख्यांचे चार समान भाग मुळात पडतच नाहीत, त्यामुळे बांध नेमका कोठे घालायचा हा संकेताचा प्रश्न उरतो. रॉब हाइंडमन आणि यानान फॅन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये संगणक-प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या अशा नऊ रीतींची तुलना केली होती. एक्सेलमध्येही २०१० पासून दोन वेगळी सूत्रे आहेत: नाव ‘आयएनसी’ने संपणारे सूत्र १०.५ देते आणि ‘ईएक्ससी’ने संपणारे ९. निरीक्षणे हजारोंच्या घरात गेली की हा फरक सहसा नगण्य होतो. परीक्षेत पुस्तकाचीच रीत वापरा आणि प्रकल्प-अहवालात कोणती रीत वापरली ते एका वाक्यात नमूद करा.

प्रश्न : मुलीला सीईटीत ९२ पर्सेंटाइल मिळाले. शेजारी म्हणतात की ९२ टक्के म्हणजे उत्तमच. हे समजणे योग्य आहे काय? (एक पालक, लातूर)

उत्तर : नाही. टक्के गुणांविषयी बोलतात, पर्सेंटाइल म्हणजे शतमक क्रमाविषयी. जेईई मेनमध्ये २०१९ पासून वापरात असलेली व्याख्या स्पष्ट आहे: त्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांची संख्या भागिले त्या सत्राला बसलेले एकूण विद्यार्थी, गुणिले शंभर. सीईटीचा अर्थही याच धर्तीवर लावावा. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असल्याने नुसते गुण तुलनेला चालत नाहीत, म्हणून हा मार्ग काढलेला आहे. व्याख्येत ‘तुमच्याइतके’ हा शब्द असल्यामुळे सत्रातील पहिल्या विद्यार्थ्याला पूर्ण १०० मिळतात. पुस्तकातील शतमके नव्याण्णवच असताना १०० वे कोठून आले, हा तुमच्या मनात येऊ शकणारा प्रश्न त्यातूनच सुटतो.

तेव्हा ९२ चा अर्थ असा की, तिच्या सत्रातील शंभरांपैकी सुमारे आठ जण तिच्या पुढे आहेत. प्रवेशाच्या दृष्टीने शंभरांतील आठ हा आकडा फसवा आहे, कारण एका सत्राला एक लाख विद्यार्थी बसले असतील तर हेच आठ म्हणजे आठ हजार होतात. शिवाय मध्यावर, जेथे विद्यार्थ्यांची दाटी असते, तेथे दोन-चार गुणांनीही शतमक बरेच हलते, तर वरच्या टोकाला ९८ वरून ९९ वर जाण्यासाठी त्याहून पुष्कळ जास्त गुण लागतात.

उलट टोकाचे उदाहरण २०२३ च्या नीट पीजीचे, म्हणजे वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे आहे. समुपदेशनासाठीची पात्रता त्या वर्षी शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली गेली आणि ‘शून्य गुणांवर प्रवेश’ अशी ओरड झाली. शून्य पर्सेंटाइल म्हणजे शून्य गुण नव्हेत. त्याचा अर्थ परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असल्याने त्यात शून्याखालचे गुणही येऊ शकतात.

प्रश्न : माझा सात वर्षांचा नातू उंचीत २५ व्या पर्सेंटाइलवर आहे असे डॉक्टर म्हणाले. काळजी करावी काय? (आजोबा, पुणे)

उत्तर : केवळ या आकड्यावरून करू नये. त्याच्या वयाच्या शंभर मुलग्यांत सुमारे पंचवीस त्याच्याहून बुटके आहेत, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या, पाच ते अठरा वर्षांसाठीच्या उंचीच्या आलेखावर ३, १०, २५, ५०, ७५, ९० आणि ९७ अशा शतमकांच्या सात वक्ररेषा आहेत. डॉक्टर पाहतात ते हे की, मूल वर्षानुवर्षे आपल्या रेषेच्या आसपास वाढते आहे की रेषा ओलांडत खाली घसरते आहे. आलेखाची वही जपून ठेवा, कारण एका नोंदीपेक्षा चार वर्षांच्या नोंदी डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतात.

प्रश्न : ‘क्विंटाइल’ला मराठी शब्द कोणता? आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रत्येक क्विंटाइलमध्ये वीस टक्के लोक का दिसत नाहीत? (समाजकार्याची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पंचमक म्हणावे. पाच भागांसाठी चार पंचमके, हे ओघाने आलेच. त्या सर्वेक्षणात घराची बांधणी आणि घरातील वस्तू यांवरून संपत्ती निर्देशांक काढून देशभराच्या लोकसंख्येचे पाच समान गट केले जातात. म्हणजे बांध देशाच्या मापाने घातलेले असतात, आणि एखाद्या राज्याचे किती लोक कोणत्या वाटणीत पडतील हे त्या राज्याच्या परिस्थितीवर ठरते. महाराष्ट्राचे स्वतःचे पंचमक गट हवे असतील, तर निर्देशांकाचे मूळ आकडे घेऊन राज्यापुरती मांडणी नव्याने करावी लागेल.