नव्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यानं सुरुवात कुठून करावी?
पहिल्याच झटक्यात सगळं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून काढायचं ठरवू नका. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून निघालेले बरेच जण लेवीय पुस्तकात अडकतात आणि वाचनच सुटतं. आधी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची हकीकत सांगणारं पुस्तक, घ्या. अध्याय फक्त 16 आहेत, रोज एक पुरे. सोबत बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र. 13वं तर आवर्जून वाचा. देवाजवळ गाऱ्हाणंही मांडता येतं हे त्यातून कळतं. प्रार्थनेला भारदस्त शब्द लागत नाहीत.

एकटे मात्र राहू नका. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एखाद्या अनुभवी व्यक्तीला मनातल्या शंका मोकळेपणानं विचारा.

सुरुवातीचा उत्साह ओसरला की विश्वासच गेला असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे वाचा. प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं पुस्तक सध्या राहू द्या.