चित्रांच्या पुस्तकात लपवलेल्या खजिन्याचे धागेदोरे नेमके कुठे शोधायचे?

गोष्ट बाजूला ठेवा, आधी चित्रांच्या चौकटी बघा. किट विल्यम्सच्या १९७९च्या ‘मास्करेड’ या पुस्तकात १५ चित्रं होती आणि खजिना म्हणजे सोन्याचा ससा इंग्लंडात पुरलेला. चित्रातल्या माणसा-प्राण्यांच्या डोळ्यातून निघून हातापायाच्या सर्वांत लांब बोटावरून रेघ ओढली, की ती चौकटीतल्या अक्षरावर पोचते. अक्षरं जुळवली की शब्द.

त्यात ‘कॅथरीन’ निघालं. म्हापशात पावसात घरी बसून मी मनाने थेट जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलला पोचलो, कारण ते संत कॅथरीनचं! पण पुस्तकातली कॅथरीन निघाली इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीची पहिली राणी. इंग्लंडातल्या अँप्टहिल गावच्या पार्कात तिच्या स्मरणार्थ क्रॉस आहे. विषुवदिनी भर दुपारी त्याच्या सावलीचं टोक पडे तिथे ससा. 

पट्टी घ्या, पण रेघा झेरॉक्सवरच ओढा हां.