वह्या घरी नेऊ नकोस

प्रश्न : मी 26 वर्षांची, माहेर कऱ्हाडचं. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि गेल्या वर्षी जत तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षण सेविका म्हणून रुजू झाले. शाळा दोनशिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे. निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात. शिकवायला आवडतं हो, पण दुपारी पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन हजेरी, आणि रात्री नऊला ग्रुपवर ‘उद्या 11 पर्यंत माहिती सादर करावी’. वह्या, टाचण म्हणजे पाठांची लेखी तयारी, तक्ते, सगळं खोलीवर येतं. शनिवारी दुपारी एसटीनं घरी गेले तरी पिशवीत वह्या असतातच. आई म्हणते, लिहीतच बसायचं होतं तर आलीस कशाला? मार्चमध्ये लग्न आहे. होणारे सासरे विचारतात, 16 हजारांत एवढं? आता मलाही तसंच वाटायला लागलंय.
– एक शिक्षण सेविका, जत तालुका

उत्तर : तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस. माझी धाकटी तुझ्याहून मोठी आहे.

पैशाचं आधी उरकते. 2023 पर्यंत प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिना 6 हजारच मिळत होते, म्हणून 16 हजार पुरेसे आहेत असं मी म्हणणार नाही. सासऱ्यांना सांग, ही मानधनाची तीन वर्षं झाली की नियमित वेतनश्रेणी लागते. एवढं पुरे. लग्नाआधीच हिशेबाच्या बैठका नकोत.

आता वह्या. पाटण तालुक्यात डोंगरातल्या शाळेवर माझं तिसरं वर्ष होतं. मीही रोज संध्याकाळी वह्यांची पिशवी खांद्याला लावून निघायची, त्यात एक मिरवणंही होतं. एका श्रावणात ओढा ओलांडताना पाय घसरला. मी वाचले, पिशवी बुडाली. चुलीच्या वर दोरी बांधून वह्या वाळत घातल्या तर त्या पावासारख्या फुगल्या, शाई पसरून पानं आकाशी झाली. दुसऱ्या दिवशी तिसरीतल्या एका पोरीनं वही उघडली, पान उन्हाकडे धरलं आणि विचारलं, “बाई, ह्यातलं माझं कुठं गेलं?” मला तोंड वर करवेना.

त्या दिवसापासून वही घरी नेली नाही. नाइलाजानं मुलाला शेजारी बसवून तपासायला लागले आणि तेव्हा कळलं की महिनोन्महिने मी लाल खुणा करत होते त्या माझ्याच समाधानासाठी. ‘ड’ कुठून सुरू करतो हे पोरगं लिहितानाच दिसतं, रात्री खोलीवर नाही. दुसरीला लिहायला बसव, पहिलीची पाच मुलं जवळ घे. उद्या उलट. रोज सगळ्या वह्या होणार नाहीत. न होऊ देत.

टाचण मात्र शाळेतच लिही, आणि ते लिहिताना चोरी केल्यासारखं बसू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरलेत, ते तयारीच्या वेळेसकट. तयारी ही नोकरीच आहे, तू वरून केलेले उपकार नव्हेत. त्याच कायद्याच्या 27 व्या कलमानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी बाहेरची कामं लावता येतात, म्हणजे मतदार यादीचं काम आलं तर ते सुटायचं नाही. त्यावर चिडून जीव आटवू नकोस.

रात्री नऊच्या निरोपाचं काय? माझ्या वेळी कागद टपालानं यायचे, तेही ‘तात्काळ’ म्हणूनच! पण टपाल उशाशी वाजत नव्हतं. मुख्याध्यापकांशी एकदा शांतपणे बोल. पट, आधार, गणवेश, वजन-उंची ही माहिती फिरून फिरून तीच मागतात. एका जाड वहीत दोघांनी मिळून ती भरून ठेवा आणि परिपाठानंतर एकानं ग्रुप बघायचा, एकानं वर्ग सांभाळायचे. आठनंतर त्या ग्रुपचा आवाज बंद. खरंच घाईचं असेल तर केंद्रप्रमुख फोन करतात, याची खात्री बाळग. पहिल्या महिन्यात कुणी तरी टोमणा मारेल. मार खाल्ल्यासारखं वाटेल, पण पगार कापत नाहीत.

कन्नडचं तू एका ओळीत उरकलंस. माझ्या मते तुझा निम्मा थकवा तिथला आहे. दिवसभर ‘पाणी’ म्हणायचं आणि समोरचं पोर ‘नीरु’ शोधत बसणार, मग आवाज चढतो, घसा बसतो. चौथीतली एखादी चुणचुणीत मुलगी दहा मिनिटं मागून घे. मने म्हणजे घर, बा म्हणजे ये, अशी जोडी रोज फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. तुझे कन्नड उच्चार ऐकून मुलं खो-खो हसतील. हसू दे, त्या दिवशी जास्त बोलतात ती. तक्ते रंगवत रात्री जागण्यापेक्षा हे स्वस्त.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की कुलूप लावायच्या आधी पिशवी उलटी करून बघ. वही निघाली तर कपाटात ठेव. रिकाम्या पिशवीत जतची डाळिंबं घाल, आईला आवडतील. आणि मार्चची रजा आत्ताच लेखी टाक, परीक्षेच्या तोंडावर मागितलीस तर सगळ्यांचीच पंचाईत होईल.