कोरियनमध्ये 'करू नका' कसं म्हणतात? 'आन' असताना 'मासेयो' कशाला?

तुमचा प्रश्न असा, की 'आन' म्हणजे नाही, मग "जाऊ नका"साठी 'आन कासेयो' का चालत नाही? आणि 'काजि मासेयो' व 'काम्यॉन आन द्वेयो' यांत फरक काय?

इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून विचार करा. 'जात नाही' आणि 'जाऊ नको' यांतला नकार आपण वेगळा ठेवतो. कोरियनमध्येही तसंच आहे. साध्या विधानाला 'आन' किंवा '-जि आन्था', पण मनाईला 'माल्दा' हे वेगळंच क्रियापद. धातूला 'जि' जोडायचं, पुढे जवळच्या माणसाला 'मा', परक्याला 'मासेयो'. 'आन कासेयो' म्हणजे फक्त "जात नाही".

ही चूक मीही केली आहे. माझी कोरियन मैत्रीण रडत होती आणि मी तिला समजावत म्हणाले, "उल्जि आनायो". तिने डोळे पुसता पुसता मान वर केली आणि हळूच दुरुस्त केलं, "उल्जि मा". मी "रडत नाही" म्हटलं होतं, म्हणायचं होतं "रडू नकोस". तो फरक त्यानंतर कधी विसरले नाही.

आता 'म्यॉन आन द्वेयो'. 'म्यॉन' म्हणजे 'तर', 'द्वेदा' म्हणजे इथे 'चालणे'. "फोटो काढला तर चालणार नाही", शब्दाला शब्द जुळतो! परवानगी विचारताना 'तर'चा 'तरी' होतो: "साजिन च्चिगॉदो द्वेयो?", फोटो काढला तरी चालेल का? 'मासेयो'त सांगणारा स्वतः अडवतो, 'आन द्वेयो'त नियम अडवतो. म्हणून संग्रहालयातला कर्मचारी पाहुण्यांना "च्चिगुशिम्यॉन आन द्वेम्निदा" म्हणेल, म्हणजे 'फोटो काढला तर चालणार नाही' हेच, पण आदरार्थी रूपात. वडीलधाऱ्यांशी बोलताना मलाही हेच बरं वाटतं, कारण 'मासेयो' कितीही आदरार्थी असलं तरी शेवटी ती आज्ञाच.

पाट्यांवर 'मान्जिजि मासिओ' दिसेल. ते आपलं "हात लावू नये". बोलताना 'मासिओ' वापरू नका. 'छुरिप कुम्जी' म्हणजे प्रवेश बंद.

'माल्दा'चं साधं विनम्र रूप 'मायो' की 'मारायो', यावर गोंधळू नका. आधी फक्त 'मायो' प्रमाण होतं, 2015 च्या डिसेंबरात कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेने 'मारायो'लाही मान्यता दिली.

आणि माझं सगळ्यात आवडतं रूप, 'माल्गो'. "काजि माल्गो किदार्यॉ": जाऊ नको, थांब. ते नामालाही लागतं. "छा माल्गो खॉपि जुसेयो": चहा नको, कॉफी द्या.