वाचक विचारतात : विमानाच्या कॉलेजात दिवसभर करतात काय?

(या अंकातल्या प्रश्नांची उत्तरं एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंगच्या (एएमई, म्हणजे विमानांची देखभाल-दुरुस्ती) शेवटच्या टप्प्यात असलेल्या, मूळच्या इस्लामपूरच्या एका विद्यार्थिनीने दिली आहेत. ती मुंबईत शिकते.)

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे. जेईईचं त्याच्या मनात नाही, 'एएमई' करायचं म्हणतो. एका सेमिनारला आम्ही गेलो, तिथे 'शंभर टक्के नोकरी' असं सांगितलं. फी लाखांत आहे. हे बी.ई.सारखंच असतं का? मुलं तिथे दिवसभर करतात काय? आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला झेपेल का?
– एक आई, कराड

उत्तर : काकू, आधी शंभर टक्क्यांचं बोलते. या धंद्यात कॉलेजच्या सर्टिफिकेटपेक्षा लायसन्सला किंमत आहे, आणि लायसन्स कॉलेज देत नाही, डीजीसीए देते, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. कॉलेज फक्त शिकवतं. मोड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या परीक्षा डीजीसीएच्या, आणि पास व्हायला 75 टक्के लागतात. 74 आले तरी नापास. बारावीला पस्तीसवर सुटका होते, इथे ती सवय मोडावी लागते. गणित, फिजिक्स, इलेक्ट्रिकल, मटेरियल, एरोडायनॅमिक्स, ह्यूमन फॅक्टर्स (माणसाच्या हातून चुका का होतात तो विषय), हवाई कायदे, गॅस टर्बाइन इंजिन, प्रोपेलर असे एकेक मोड्यूल सोडवत जायचं. पुढे चालू विमानांवर कामाचा अनुभव दाखवायचा, तेव्हा कुठे लायसन्स हातात येतं. तोवर तुम्ही टेक्निशियन किंवा मदतनीस. विमान दुरुस्त करून 'उडायला योग्य आहे' अशी सही करायचा हक्क नाही. त्यामुळे कोणी नोकरीची हमी दिली तर 'कसली नोकरी?' एवढंच विचारा. विमानतळावर बॅगा चढवणं हीसुद्धा विमानतळावरचीच नोकरी असते.

बी.ई. एरोनॉटिकलशी याची गल्लत आमच्याही घरी झाली होती. आजोबा अजून गावात सांगतात, नात विमान बनवते म्हणून. विमानाचं डिझाइन करायचं असेल तर इंजिनिअरिंगची डिग्री घ्यावी. आम्ही तयार विमान सांभाळतो: तपासणी, दुरुस्ती, सुटे भाग बदलणं आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद.

आता दिवसभराचं. अभ्यासक्रम किमान 2400 तासांचा असतो आणि त्यातले जवळपास निम्मे तास हातकामाचे. सुरुवातीला विमान लांबून बघायचं. आमचे पहिले कित्येक आठवडे व्हाइसमध्ये (टेबलावरच्या पकडीत) लोखंडाचा तुकडा धरून कानस मारण्यात गेले. बाजू काटकोनात आली का, हे ट्राय-स्क्वेअर लावून उजेडात धरायचं, फट दिसली की पुन्हा कानस. माझ्या बॅचमधली काही मुलं इथेच कंटाळली. त्यांच्या डोक्यात कॉकपिट होतं, हातात आयटीआयच्या फिटरचं काम आलं.

मग लॉकवायर. विमानातले कितीतरी बोल्ट नुसते आवळून सोडत नाहीत. थरथरीने ते सैल होऊ नयेत म्हणून डोक्याला आरपार भोक असलेल्या बोल्टांतून स्टीलची बारीक तार ओवून जोडीजोडीने बांधतात. आम्ही 0.032 इंचाची तार वापरायचो, तिला इंचाला सहा ते आठ पीळ. पीळ कमी पडला तर तार ढिली राहते, जास्त झाला तर तुटते. तार अशा बाजूने ओढायची की एक बोल्ट सैल व्हायला लागला तर तिने दुसऱ्याला आवळत न्यावं. शेवटचं टोक आत वळवायचं, नाहीतर पुढच्या माणसाचा हात कापतो. आमचे सर लांबून एक नजर टाकायचे, काही न बोलता पक्कड घेऊन तार कापायचे आणि पुढच्या टेबलावर जायचे. चूक काय झाली ते आपलं आपण शोधायचं. मला ही पद्धत आवडली, पण सगळ्यांना मानवेल असं नाही.

हँगरमध्ये आमच्याकडे एक जुनं सेसना 152 विमान आहे, चार सिलिंडरचं लायकमिंग इंजिन असलेलं. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, आणि ठिणगी द्यायला दोन स्वतंत्र मॅग्नेटो. मॅग्नेटोला बॅटरीची गरज नसते. स्विच बंद केला की तो तारेने ग्राउंड होतो, म्हणजे ठिणगी बंद. पण ती तार तुटलेली असली तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंतच, आणि हाताने पंखा (प्रोपेलर) फिरवला की इंजिन उसळी घेऊ शकतं. म्हणून पंख्याच्या फिरण्याच्या वर्तुळात उगाच उभं राहायचं नाही, ही शिस्त पहिल्या दिवसापासून. तिथे कोणी सेल्फी काढायला गेलं की सरांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जातो.

हत्यारांची शिस्त आणखी कडक. टूल स्टोअरमधून पाना घेतला की त्याच्या जागी आपल्या नावाचा बिल्ला लटकवायचा. संध्याकाळी फळीवर एकही बिल्ला राहता कामा नये. एकदा एक सॉकेट (पान्याला लावायची वाटी) सापडेना. सगळ्या बॅचला थांबवलं. चर्चगेटच्या लोकल गेल्या, मेसचं जेवण थंड झालं, आणि सॉकेट निघालं इंजिनाच्या खालच्या काउलिंगमध्ये, म्हणजे झाकणात. कोणाचं होतं ते सांगत नाही, तो आता माझा चांगला मित्र आहे.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो ह्यूमन फॅक्टर्सचा विषय, ज्याला मुलं 'गप्पांचा तास' म्हणतात. त्यात 10 जून 1990 ची एक घटना शिकवतात. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकासमोरची काच हवेत उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. बाकीच्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन वाचला. आदल्याच दिवशी ती काच नवी बसवली होती. 90 पैकी 84 बोल्ट हवे त्यापेक्षा बारीक व्यासाचे निघाले, उरलेले सहा लांबीला कमी. बदलणारा माणूस अनुभवी होता. त्याने काढलेला जुना बोल्ट हातात धरून नजरेने जोड शोधला होता, कॅटलॉगमधला पार्ट नंबर न बघता. काकू, तुमचा मुलगा हुशार आहे की नाही यापेक्षा मी हे बघेन: उत्तर पाठ असतानाही तो पुस्तक उघडून खात्री करतो का? ज्याला याचा वैताग येतो त्याने दुसरं काही शिकावं, त्यात कमीपणा नाही.

मराठी माध्यमाची काळजी थोडी कमी करा. मीही मराठी शाळेतलीच. पुस्तकं आणि परीक्षा इंग्रजीतच असतात, पहिले काही महिने डोकं दुखतं हे खरं. पण आजच्या बऱ्याच विमानांची मेंटेनन्स मॅन्युअल्स मुद्दाम सोप्या केलेल्या इंग्रजीत लिहितात. तिला सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. त्यात मंजूर केलेले सर्वसाधारण शब्द नऊशेच्या आसपास, आणि काम सांगणारं वाक्य वीस शब्दांपेक्षा मोठं नको असा नियम. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या मैत्रिणींना त्या बोलण्याचा काही खास फायदा झाला नाही, आणि मला मराठी माध्यमाचा तोटाही.

फी भरण्याआधी कॉलेजला सीएआर-147 ची (असं शिक्षण देणाऱ्या संस्थांसाठीच्या डीजीसीएच्या नियमाखालची) मान्यता आहे का ते डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा, आणि ती कोणत्या शाखेची आहे तेही: बी1.1 म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांचं इंजिन आणि सांगाडा, बी2 म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. हँगरमधल्या विमानाचं इंजिन मुलांसमोर चालू करतात का, की नुसतं रंगवून ठेवलंय, हे विचारा. प्रत्यक्ष कामाचा अनुभव कुठे मिळणार, हे लेखी मागा. आणि मागच्या दोन-तीन बॅचच्या मुलांशी फोनवर बोला, तेही कॉलेजने दिलेल्या नंबरांवर नको.

प्रश्न : मी दहावीनंतर आयटीआय फिटर केलं आहे. मला विमानाच्या क्षेत्रात शिरता येईल का?
– एक तरुण, निफाड

उत्तर : एएमईला बारावी सायन्स फिजिक्स, केमिस्ट्री, गणितासह लागते, किंवा इंजिनिअरिंग डिप्लोमा. नुसत्या आयटीआयवर प्रवेश नाही. पण दादा, तुझ्या घराजवळ ओझर आहे. तिथल्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात आधी मिग-21 आणि पुढे सुखोई-30 ही लढाऊ विमानं बांधली गेली, आणि आयटीआयवाल्यांना तिथे अप्रेंटिसशिप मिळते. जाहिरातीवर लक्ष ठेव. कानस कशी धरायची हे तुला आधीच येतं, आमच्या वर्गात ते शिकायला लोक लाखभर रुपये मोजतात.

प्रश्न : मुलींना हे जड काम जमतं का? रात्रपाळी असते असं ऐकलं.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : रात्रपाळी असतेच, कारण विमानं दिवसा उडतात आणि रात्री तपासायला मिळतात. जड भाग क्रेनने किंवा जॅकवर उचलतात, मुलगेही हाताने उचलत नाहीत. अडचणीच्या जागेत बारीक हात उलट कामी येतो. त्रास आहे तो बॉयलर सूटच्या, म्हणजे कामाच्या अंगभर पोशाखाच्या मापाचा. मला मिळालेल्या सूटच्या बाह्या दोनदा दुमडूनही लांब राहायच्या. ढगळ बाही फिरत्या यंत्राजवळ धोक्याची, म्हणून इस्लामपूरच्या आमच्या शिंपीकाकांकडून मापाचा करून घेतला.