बोर्ड बदलण्याआधी एक वायर सोडवा

प्रश्न : गच्चीवरच्या टाकीसाठी ईएसपी८२६६ (वायफायची चिप) वापरून पंप कंट्रोलर केलाय. बोर्ड कायकॅडमध्ये (सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) मीच काढला, पाच नग मागवले. बोर्डावरचा रिले (चिपच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच) पंपाचा कॉन्टॅक्टर (पंपाचा मोठा स्विच) चालवतो. पंप सुरळीत सुरू होतो, पण बंद होताना कधीकधी चिप रीसेट होते. रिलेच्या कॉइलला डायोड आहे. आता चार लेयरचा (तांब्याच्या चार थरांचा) बोर्ड करू का? (सोबत चित्र.)
– एक वाचक, कराड

उत्तर : ‘बंद होताना’ म्हणालात, तिथेच अर्धं काम झालं. सप्लाय कमी पडत असता तर बहुधा रिले लागतानाच चिप रीसेट झाली असती.

मेन एमसीबी पाडा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे जाणारी वायर सोडवून टोकाला टेप लावा. मग एमसीबी परत चालू करून नुसता रिले पंचवीस-तीस वेळा खटखटवा. रीसेट झाला नाही, तर चोर बोर्डाबाहेर आहे. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना रिलेच्या पॉइंटवर ठिणगी पडते आणि तिचा उपद्रव वायरींतून बोर्डापर्यंत येतो. तुमचा डायोड रिलेच्या कॉइलपुरता. एसी कॉइलवर डायोड चालत नाही. तिथे ए१-ए२ वर, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या दोन टोकांवर, आरसी स्नबर (ठिणगी शमवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लागतो, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड. कपॅसिटर एक्स२ प्रकारचाच, म्हणजे थेट मेन लाइनवर लावण्यासाठी बनवलेला हवा. २३० व्होल्टचं काम आहे, सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

तरी बोर्ड सुधाराच, पण दोन लेयर पुरेत. चित्रात रीसेटचा ट्रॅक रिलेला वळसा घालून बटणापर्यंत गेलाय. ही तर उपद्रव पकडणारी एरियलच झाली! बटण चिपजवळ आणा, पिनलगत १० किलोओहमचा पुल-अप (पिन सप्लायला बांधून ठेवणारा रेझिस्टर) आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या. चित्रातल्या निळ्या रिलेत कॉमनचा पाय (स्विचच्या बाजूचा सामाईक पाय) कॉइलच्या दोन पायांच्या मध्ये येतो. तिथे २३० व्होल्ट आणि ५ व्होल्ट शेजारी-शेजारी नांदतात, म्हणून कॉमनभोवती बोर्डात खाच पाडून घ्या. खालच्या बाजूचं ग्राउंडचं तांबं तिकडे पसरू देऊ नका, ईएसपी मॉड्यूलच्या अँटेनाखालीही नको.

ऑर्डरआधी चित्र कागदावर मूळ मापात छापा, पार्ट ठेवून पाहा, ट्रान्झिस्टरच्या पायांची नावं पेन्सिलने लिहा. मी एकदा २एन३९०४ च्या जागेवर बीसी५४७ आणले. पहिल्याचे पाय ई-बी-सी (एमिटर, बेस, कलेक्टर), दुसऱ्याचे सी-बी-ई. पाचही बोर्डांवर ट्रान्झिस्टर पाठमोरे बसवले, ते अजून तसेच चालताहेत.